लघवीतल्या ओपिऑइड तपासणीचे क्लेम दर महिन्याला परत येतात, तेव्हा कुठे बघायचं

"ताई, परत तेच आलंय."

रात्रीचा दीड वाजलेला असतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा उन्हाळी वेळेप्रमाणे दुपारचे चार. टीममधली मुलगी स्क्रीन माझ्याकडे वळवते आणि अकाउंटचं नाव वाचायच्या आधीच मला कळतं की हे टॉक्सिकॉलॉजी लॅबचं, म्हणजे लघवीत कोणती औषधं आहेत ते तपासणाऱ्या लॅबचं काम आहे. जी०४८३ हा तपासणीचा कोड, त्यापुढे सीओ-५०, म्हणजे वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही म्हणून नकार. त्याखाली जी०४८२, पुन्हा सीओ-५०. मग ८०३०७ वर सीओ-९७ (याचे पैसे दुसऱ्या सेवेतच धरलेले), आणि खाली सीओ-१६ ची (माहिती अपुरी किंवा चुकीची) लांबलचक रांग. मागच्या महिन्यात असेच क्लेम, म्हणजे विम्याकडे पाठवलेली बिलं, आम्ही चार रात्री बसून दुरुस्त केले, परत पाठवले, बरेचसे पासही झाले. या महिन्यात नवे पेशंट, नव्या तारखा, पण डिनायल, म्हणजे विम्याचा नकार, तोच.

पुण्यात, नवी मुंबईत, नागपुरात अमेरिकन मेडिकल बिलिंगच्या नाइट शिफ्टला बसणारे हजारो मराठी लोक आहेत. त्यातल्या ज्यांच्याकडे लॅबचं अकाउंट आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी अकरा वर्षं या कामात आहे, त्यातली चार टॉक्सिकॉलॉजीवर. या चार वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. ओपिऑइड (अफूसारखी वेदनाशामक औषधं) तपासणीचं डिनायल पुन्हा पुन्हा येत असेल, तर चूक क्लेमवर झालेली नसते. ती आधीच कुठेतरी झालेली असते, डॉक्टरच्या रिक्विझिशनवर (तपासणी मागवायचा फॉर्म) नाहीतर लॅबच्या सॉफ्टवेअरमधल्या मॅपिंगमध्ये (कोणत्या तपासणीला कोणता कोड ते ठरवणारी यादी), आणि क्लेमवर ती फक्त दिसते. क्लेम कितीही वेळा दुरुस्त केला तरी पुढच्या महिन्याचा क्लेम त्याच साच्यातून निघतो.

(कोड इथे देवनागरीत लिहिले आहेत. स्क्रीनवर अर्थातच रोमन लिपीत दिसतील.)

आधी डिनायल पूर्ण वाचा

नवीन मुलं सीओ-१६ दिसलं की अपीलचं टेम्प्लेट उघडतात. थांबा. ईआरएमध्ये (पेमेंटचा निर्णय सांगणारी इलेक्ट्रॉनिक फाइल) त्याच ओळीवर पुढे जे रिमार्क कोड असतात, खरी माहिती तिथे असते. सीओ-१६ सोबत एमए१३० असेल, तर मेडिकेअरने (वृद्ध आणि अपंगांसाठीचा अमेरिकन सरकारी विमा) क्लेम प्रोसेसच केलेला नाही. त्यावर अपीलचा हक्कच नाही. दुरुस्त करून नवा क्लेम पाठवायचा, एवढंच. अशा क्लेमवर अपील पाठवून तीन महिने उत्तराची वाट पाहत बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि तोवर क्लेम दाखल करायची मुदत संपत आलेली असते. मेडिकेअरसाठी ती तपासणीच्या तारखेपासून एक वर्ष आहे.

एम७६ म्हणजे निदानाचा कोड नाही किंवा चुकीचा आहे. एन२६४ आणि एन२६५ म्हणजे तपासणी सांगणाऱ्या डॉक्टरचं नाव किंवा एनपीआय (त्याचा राष्ट्रीय ओळख क्रमांक) बरोबर नाही. फॉर्मच्या १७ नंबरच्या खणात डीके हे क्वालिफायर (तपासणी सांगणारा डॉक्टर, अशी खूण) आहे का, आणि डॉक्टर मेडिकेअरकडे नोंदलेला आहे का, ते बघा. एमए१२० म्हणजे क्लिया नंबरची (लॅबच्या सरकारी प्रमाणपत्राचा क्रमांक) गडबड. सीओ-५० सोबत एन११५ असेल तर निर्णय स्थानिक कव्हरेज धोरणावर, म्हणजे एलसीडीवर झालेला आहे. मग ते धोरण उघडून वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आणखी एक बघायचं, ग्रुप कोड. सीओ म्हणजे रक्कम लॅबने सोडायची. पीआर म्हणजे पेशंटकडे बिल जाणार. मेडिकेअरच्या पेशंटला लॅब तपासणीवर डिडक्टिबल किंवा कोइन्शुरन्स (पेशंटने स्वतः भरायचा वाटा) लागत नाही. त्यामुळे अशा पेशंटच्या खात्यावर पीआर-५० दिसलं, की सही केलेला एबीएन (मेडिकेअरने नाकारलं तर पैसे मला भरावे लागतील, असं पेशंटने आधीच मान्य केलेलं पत्र) फाइलमध्ये खरंच आहे का आणि क्लेमवर जीए मॉडिफायर (एबीएन घेतला आहे, असं सांगणारी कोडमागची खूण) का लागला होता, हे तपासा. आमच्याकडे एका अकाउंटवर जीए हा डीफॉल्ट म्हणून सगळ्या टॉक्सिकॉलॉजी क्लेमना लागत होता. एबीएन एकाचाही नव्हता. पाठदुखीने बेजार झालेल्या, पेन्शनवर जगणाऱ्या माणसांच्या हातात शेकडो डॉलरची बिलं पडत होती. ती बिलं थांबवणं हे त्या रात्रीचं पहिलं काम होतं, बाकीची डिनायल नंतर.

कोड थोडक्यात, कारण जुने अजून सिस्टममध्ये आहेत

तपासणी दोन प्रकारची. पहिली प्रिझम्प्टिव्ह, म्हणजे औषधाचा वर्ग असावा की नसावा एवढा अंदाज देणारी. त्यात तीनच कोड आहेत: ८०३०५ हा डोळ्यांनी वाचायच्या कप किंवा पट्टीसाठी, ८०३०६ तोच कप यंत्राने वाचला तर, आणि ८०३०७ केमिस्ट्री अ‍ॅनालायझरवर केलेल्या तपासणीसाठी. दुसरी डेफिनिटिव्ह, म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्रीने नेमकं औषध ओळखणारी. तिच्यासाठी मेडिकेअरकडे जी०४८० (१ ते ७ वर्ग), जी०४८१ (८ ते १४), जी०४८२ (१५ ते २१), जी०४८३ (२२ किंवा जास्त) आणि जी०६५९ हे कोड आहेत.

डेफिनिटिव्ह तपासणीचे सीपीटी (अमेरिकन मेडिकल असोसिएशनची कोडयादी) कोड ८०३२० ते ८०३७७ हे २०१५ पासून आहेत, पण मेडिकेअरने ते पैसे देण्यासाठी कधी स्वीकारलेच नाहीत. जी०४८० ते जी०४८३ हे २०१६ मध्ये आले. ८०३०५, ८०३०६, ८०३०७ आणि जी०६५९ हे १ जानेवारी २०१७ पासून. त्याआधी प्रिझम्प्टिव्हसाठी एक वर्षभर जी०४७७ ते जी०४७९ होते. हा इतिहास सांगायचं कारण एकच: जुन्या लॅबच्या चार्जमास्टरमध्ये (कोड आणि दरांची यादी) २०१६ चा कोड एखाद्या कोपऱ्यात जिवंत असतो, आणि एखाद्या डॉक्टरच्या टेम्प्लेटमधून तो आजही बाहेर पडतो.

सगळ्यात मोठी चूक: मोजणी

जी०४८२ आणि जी०४८३ वर सतत डिनायल येत असेल तर मी पहिल्यांदा रिझल्ट शीट मागवते. क्लेम बाजूला ठेवते. समोर कागद आणि पेन.

एका शीटवरची नावं अशी होती: मॉर्फिन, कोडीन, हायड्रोकोडोन, नॉरहायड्रोकोडोन, हायड्रोमॉर्फोन, ऑक्सिकोडोन, नॉरऑक्सिकोडोन, ऑक्सिमॉर्फोन, फेंटानिल, नॉरफेंटानिल, ब्युप्रेनॉर्फिन, नॉरब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन, ईडीडीपी, ट्रामाडोल आणि ६-एमएएम. सोळा नावं. लॅबच्या सॉफ्टवेअरने सोळा मोजले, १५ ते २१ च्या खणात टाकले आणि जी०४८२ पाठवला.

पण कोडच्या व्याख्येत औषधं मोजायची नाहीत, वर्ग मोजायचे आहेत, आणि मेटाबोलाइट (औषधापासून शरीरात बनणारे पदार्थ) त्याच वर्गात धरायचे आहेत. मग परत मोजा. मॉर्फिन, कोडीन, हायड्रोकोडोन, नॉरहायड्रोकोडोन आणि हायड्रोमॉर्फोन हे पाचही मिळून एक वर्ग, ओपिएट. ऑक्सिकोडोन, नॉरऑक्सिकोडोन आणि ऑक्सिमॉर्फोन हा दुसरा. सीपीटीच्या यादीत ऑक्सिकोडोनचा वर्ग वेगळा आहे. फेंटानिल आणि नॉरफेंटानिल तिसरा. ब्युप्रेनॉर्फिन आणि त्याचा नॉर चौथा. मेथाडोन आणि ईडीडीपी पाचवा, कारण ईडीडीपी हा मेथाडोनचाच मेटाबोलाइट. ट्रामाडोल सहावा. ६-एमएएम हा हेरॉइनचा मेटाबोलाइट, त्याला स्वतःचा वर्ग आहे, तो सातवा. सोळा नावांचे सात वर्ग झाले. कोड जी०४८०.

मेडिकेअरच्या लॅब दरपत्रकात गेली काही वर्षं जी०४८० ला ११४.४३ डॉलर आणि जी०४८२ ला १९८.७४ डॉलर असा दर आहे. म्हणजे प्रत्येक नमुन्यामागे ८४.३१ डॉलर जास्त मागितले जात होते. जे नाकारले गेले ते आपल्याला दिसले. जे पास झाले, ते दिसले नाहीत, आणि ते जास्त गंभीर आहेत. जास्तीचे पैसे मिळाल्याचं लक्षात आलं की ते मेडिकेअरला कळवून ६० दिवसांत परत करायचे असतात. म्हणून ही चूक सापडली की फक्त डिनायलच्या रांगेला हात लावू नका. लिखित स्वरूपात मॅनेजरला आणि क्लायंटच्या कम्प्लायन्सला (नियमपालन विभागाला) कळवा, ईमेलची तारीख जपून ठेवा. "आपल्याला काय, आपण भारतात बसलोय" असं म्हणणारे असतात. मला ते पटत नाही. क्लेम आपल्या हातून जातो.

दुरुस्ती लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये करायची. प्रत्येक तपासणीच्या नावापुढे वर्गाचा रकाना असतो. तो रिकामा राहिला की सॉफ्टवेअर प्रत्येक नाव स्वतंत्र वर्ग धरतं. नवीन मेटाबोलाइट पॅनेलमध्ये घातला की नेमका हाच रकाना भरायचा राहतो, आणि त्या महिन्यापासून मोजणी एकाने पुढे सरकते. त्यामुळे कोणत्या तारखेपासून डिनायल वाढलं ते बघा आणि लॅबला विचारा, "त्या आठवड्यात पॅनेलमध्ये काही नवीन घातलंत का?" बहुतेक वेळा उत्तर हो असतं.

खासगी विम्याच्या बाजूला हीच चूक वेगळ्या रूपात

काही खासगी पेयर (पैसे देणाऱ्या विमा कंपन्या) जी कोड घेतात, काही सीपीटी मागतात, आणि राज्याराज्यांच्या मेडिकेडचे (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी विमा) नियम आपापले. सीपीटी मागणाऱ्यांकडे वरच्याच शीटसाठी ८०३६१ (ओपिएट), ८०३६५ (ऑक्सिकोडोन), ८०३५४ (फेंटानिल), ८०३४८ (ब्युप्रेनॉर्फिन), ८०३५८ (मेथाडोन), ८०३७३ (ट्रामाडोल) आणि ८०३५६ (हेरॉइन मेटाबोलाइट) असे कोड जातील, प्रत्येकी एक युनिट.

इथे कोडर हमखास ८०३६४ वर घसरतात. त्याचं वर्णन "ओपिऑइड आणि ओपिएट अ‍ॅनालॉग, पाच किंवा अधिक" असं आहे, आणि शीटवर पाच-सहा ओपिऑइड दिसत असतात, त्यामुळे वाटतं हाच कोड. पण ८०३६२, ८०३६३ आणि ८०३६४ हे मेपेरिडीन, पेंटाझोसीन, ब्युटोर्फेनॉल, नालोक्झोन अशा औषधांच्या वर्गासाठी आहेत. मॉर्फिन आणि कोडीन ८०३६१ मध्येच. फेंटानिलला त्याचा स्वतःचा कोड. ८०३६४ बरोबर ८०३६१ आणि ८०३५४ असा क्लेम दिसला, तर समजा की त्याच औषधांचे पैसे दोनदा मागितले जाताहेत.

सीओ-९७, सीओ-१८ आणि मॉडिफायरचा मोह

तिन्ही प्रिझम्प्टिव्ह कोड "प्रति सेवा-तारीख" आहेत. कपमध्ये कितीही वर्ग तपासले तरी एकच युनिट, आणि एका दिवशी तिघांपैकी एकच. क्लिनिकमध्ये कप वाचला, ८०३०५ लावला, मग तोच नमुना लॅबकडे गेला आणि लॅबने अ‍ॅनालायझरवर ८०३०७ केला, तर अनेक धोरणांनुसार दुसऱ्याला पैसे मिळत नाहीत. हे डिनायल ५९ (ही सेवा वेगळी आहे, असं सांगणारा) किंवा ९१ मॉडिफायर लावून पास करून घेणं चूक आहे. ९१ हा एकाच दिवशी उपचारासाठी तपासणी खरोखर दुसऱ्यांदा करावी लागली तर आहे. आधीच्या निकालाची खात्री करण्यासाठी तीच तपासणी पुन्हा चालवली, तर तो लागत नाही. स्क्रबरमध्ये (क्लेम पाठवण्याआधी तपासणारं सॉफ्टवेअर) कोणीतरी "सीओ-९७ आलं की ५९ लाव" असा नियम बसवून ठेवला असेल, तर तो आजच काढायला सांगा.

नमुना खरा आहे का हे तपासायला पीएच, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, क्रिएटिनिन बघतात. ते वेगळं बिल करायचं नाही. ते तपासणीच्या कोडमध्येच धरलेलं आहे. ८२५७० (क्रिएटिनिन) आणि ८३९८६ (पीएच) हे टॉक्सिकॉलॉजीच्या क्लेमवर दिसले, तर पॅनेलचा नकाशा उघडा.

सीओ-१८, म्हणजे डुप्लिकेट, यामागे मला बहुतेक वेळा तारीख सापडली. लॅबच्या तपासणीची तारीख म्हणजे नमुना घेतल्याची तारीख. नमुना शुक्रवारी क्लिनिकमध्ये घेतला, सोमवारी लॅबमध्ये पोहोचला, मंगळवारी मास स्पेक्ट्रोमेट्री झाली, तरी तारीख शुक्रवारचीच. एका अकाउंटवर इंटरफेस (लॅबची माहिती बिलिंगकडे आणणारा दुवा) बदलला आणि डेफिनिटिव्हच्या ओळीत नमुना पोहोचल्याची तारीख यायला लागली. एका नमुन्याचे दोन तारखांचे दोन क्लेम. आम्ही एक दुरुस्त करायचो, पाठवायचो, आणि पलीकडून सीओ-१८ यायचा, कारण कोणीतरी दुसऱ्या रात्री दुसराही दुरुस्त केलेला असायचा. शेवटी रिक्विझिशनची स्कॅन कॉपी आणि इंटरफेसची फाइल शेजारी शेजारी ठेवली तेव्हा ते दिसलं. तोवर सहा आठवडे गेले होते.

सीओ-५०: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

"वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही" हे वाक्य वाचून राग येतो, कारण ओपिऑइडच्या औषधांवर असलेल्या माणसाची तपासणी करायची नाही तर कोणाची? अमेरिकेत २०२१ पासून सलग तीन वर्षं ओव्हरडोसने दरवर्षी एक लाखाहून जास्त माणसं गेली, आणि त्यातली बहुसंख्य फेंटानिलसारख्या कृत्रिम ओपिऑइडमुळे. पण पेयर विचारतो ते वेगळं आहे. या माणसाला, या दिवशी, एवढे वर्ग तपासायची गरज कोणी ठरवली आणि कशावरून?

या कडकपणाला कारण आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये सॅन दिएगोच्या मिलेनियम हेल्थ या लॅबने अमेरिकन सरकारशी २५ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड केली. आरोपांचा मोठा भाग गरज नसलेल्या लघवी तपासण्यांचा होता, त्यात डॉक्टरच्या सगळ्या पेशंटना एकच ठरलेलं पॅनेल लावण्याच्या पद्धतीचाही. तेव्हापासून "कस्टम प्रोफाइल" किंवा "कम्प्लीट पॅनेल" असा एकच खण टिक केलेलं रिक्विझिशन म्हटलं की ऑडिटर तिथेच थांबतो. सगळ्या पेशंटसाठी सरसकट दिलेली ऑर्डर एलसीडीत बसत नाही. ऑर्डर त्या एका पेशंटसाठी हवी.

वारंवारता बघा. दीर्घकाळ वेदनाशामक ओपिऑइड घेणाऱ्यांसाठी अनेक मेडिकेअर कंत्राटदारांच्या एलसीडीत धोक्याच्या पातळीनुसार मर्यादा आहे: कमी धोका असेल तर १२ महिन्यांत १ ते २ वेळा, मध्यम धोक्याला ६ महिन्यांत १ ते २, जास्त धोक्याला ३ महिन्यांत १ ते ३. व्यसनमुक्तीच्या उपचारात सुरुवातीला आठवड्याला १ ते ३ प्रिझम्प्टिव्ह चालतात, नंतर जसजसे स्वच्छ दिवस वाढतात तशी संख्या उतरते. आता तुमच्या क्लायंटचा अहवाल काढा आणि एकाच पेशंटच्या तारखा ओळीने लावा. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जी०४८३ दिसत असेल आणि नोंदीत धोका "कमी" लिहिला असेल, तर हे डिनायल आपण अपीलने जिंकणार नाही. ते क्लिनिकला सांगायला हवं.

निदानाच्या कोडमध्ये दोन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली एम५४.५, कंबरदुखी. हा कोड १ ऑक्टोबर २०२१ पासून चालत नाही, त्याजागी एम५४.५०, एम५४.५१ आणि एम५४.५९ आले. छापील रिक्विझिशनच्या जुन्या गठ्ठ्यांवर तो अजून आहे, आणि गठ्ठा संपेपर्यंत क्लिनिक तेच कागद वापरतं. शिवाय नुसती कंबरदुखी तपासणीचं कारण सांगतच नाही. पेशंट दीर्घकाळ ओपिऑइड घेतो हे झेड७९.८९१ सांगतो, आणि तो रिक्विझिशनवर नसतो.

दुसरी चूक एफ११.२० (ओपिऑइडवरचं अवलंबित्व) आणि झेड७९.८९१ सरसकट एकत्र टाकण्याची. वेदनेसाठी मेथाडोन घेणारा पेशंट झेड७९.८९१ मध्ये येतो. हेरॉइनच्या व्यसनावर उपचार म्हणून मेथाडोन घेणारा एफ११.२ मध्ये येतो, आणि झेड७९.८९१ खाली ही गोष्ट स्पष्टपणे वगळलेली आहे. दोघांचं औषध एक, बाटलीही कदाचित तीच, पण आजार वेगळा, धोरणातली वारंवारता वेगळी आणि पेशंटच्या नावापुढे आयुष्यभर राहणारी नोंद वेगळी. म्हणून इथे एक गोष्ट हात जोडून सांगते. क्लेम पास व्हावा म्हणून निदान बदलू नका. लॅबला आणि आपल्याला तो अधिकारच नाही, निदान तपासणी सांगणाऱ्या डॉक्टरकडूनच यायला हवं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ऑक्सिकोडोन घेणाऱ्या बाईच्या नावावर "अवलंबित्व" चिकटवलं, तर आपल्या रांगेतली एक ओळ कमी होते आणि तिला पुढची कित्येक वर्षं प्रत्येक दवाखान्यात त्याचं उत्तर द्यावं लागतं. क्लिनिकला क्वेरी पाठवा, उत्तर येईपर्यंत क्लेम थांबवा.

डेफिनिटिव्ह तपासणी का हवी, हे नोंदीत कसं दिसलं पाहिजे? एक चांगली नोंद मी टीमला नेहमी दाखवते. आशय असा: पेशंट दिवसातून दोनदा ऑक्सिकोडोन घेते असं सांगते, कपमध्ये ओपिएट निगेटिव्ह, गोळ्यांची मोजणी बरोबर, म्हणून ऑक्सिकोडोन आणि त्याच्या मेटाबोलाइटची निश्चिती हवी, निगेटिव्ह आल्यास डोसबद्दल पुन्हा बोलणार. साडेतीन ओळी. त्यात सगळं आहे: काय लिहून दिलं, काय अनपेक्षित दिसलं, काय शोधायचं, आणि निकालाने उपचारात काय बदलेल. वैज्ञानिक दृष्ट्याही ते बरोबर आहे. नेहमीची ओपिएट इम्युनोअसे (अंदाज देणारी, प्रिझम्प्टिव्ह तपासणी) मॉर्फिन ओळखण्यासाठी बनवलेली असते. तिला ऑक्सिकोडोन नीट दिसत नाही, फेंटानिल आणि मेथाडोन तर दिसतच नाहीत. अपीलच्या पत्रात हे एक वाक्य त्या पेशंटच्या औषधाशी जोडून लिहा. टेम्प्लेटमधला ओपिऑइड संकटावरचा परिच्छेद कोणी वाचत नाही.

अपीलसोबत ती भेटीची नोंद जोडा, डॉक्टरच्या सहीसकट. रिक्विझिशनवर सही नसली तरी मेडिकेअरला चालतं, पण मग तपासणी करायचा हेतू सही केलेल्या नोंदीत दिसलाच पाहिजे. पहिल्या पातळीच्या अपीलला निर्णय मिळाल्यापासून १२० दिवस असतात, दुसऱ्या पातळीला १८०. पेमेंट पोस्टिंगची तारीख धरून मोजू नका, निर्णयाची धरा.

कोणालाच न दिसणारं कारण

एका अकाउंटवर सगळं बरोबर होतं. वर्ग बरोबर, निदान एफ११.२०, वारंवारता मर्यादेत, नोंदी सुंदर. तरी एकाच क्लिनिककडून आलेले मेडिकेअरचे क्लेम अडकत होते आणि जे पास झाले त्यांचे पैसे नंतर परत मागितले जात होते. दोन महिने आम्ही कोडमध्ये शोधत राहिलो.

ते क्लिनिक ओपिऑइड ट्रीटमेंट प्रोग्रॅम म्हणून नोंदलेलं होतं. मेडिकेअर १ जानेवारी २०२० पासून अशा प्रोग्रॅमना आठवड्याचं एकत्रित पेमेंट देतं, उदाहरणार्थ मेथाडोनसाठी जी२०६७. टॉक्सिकॉलॉजीची तपासणी त्या पेमेंटमध्येच धरलेली आहे. म्हणजे लॅबने पैसे मेडिकेअरकडे मागायचेच नाहीत, क्लिनिककडून घ्यायचे, दोघांमधल्या करारानुसार. नवीन क्लायंट क्लिनिक जोडलं की हे विचारायचा एक रकाना आता आमच्या सेटअपच्या फॉर्मवर आहे.

क्लियाचं लवकर सांगून टाकते. सर्टिफिकेट ऑफ वेव्हर (फक्त सोप्या तपासण्यांची परवानगी) असलेलं क्लिनिक ८०३०५ ला क्यूडब्ल्यू मॉडिफायर लावतं. ८०३०७ त्याला चालत नाही. क्लिया नंबर दहा अक्षरी, तिसऱ्या जागी डी, फॉर्मच्या २३ व्या खणात. सर्टिफिकेटची मुदत संपली की त्या तारखेपासून सीओ-बी७ ची (त्या तारखेला ही सेवा द्यायची पात्रता नव्हती) रांग लागते, म्हणून संपण्याची तारीख कॅलेंडरवर टाका. आणि डेफिनिटिव्ह करणाऱ्या लॅबला विचारून ठेवा की प्रत्येक औषधासाठी स्टेबल आयसोटोप किंवा मान्य इंटर्नल स्टँडर्ड आणि मॅट्रिक्स जुळणारं क्यूसी (लघवीतच तयार केलेले गुणवत्ता तपासणीचे नमुने) वापरतात का. नसेल तर जी०४८० मालिका त्यांची नाहीच, जी०६५९ आहे.

परत येऊ नये म्हणून

आम्ही एक साधी शीट ठेवतो. प्रत्येक डिनायलपुढे चार रकाने: चूक पहिल्यांदा कुठे दिसली (रिक्विझिशन, लॅब सॉफ्टवेअर, इंटरफेस, स्क्रबर की क्लेम), कोणत्या तारखेपासून, कोणाला कळवलं, कधी बदललं. "क्लेम दुरुस्त केला" असं चौथ्या रकान्यात लिहायला परवानगी नाही. तिथे मूळ जागची दुरुस्तीच लिहायची. महिन्यातून एकदा लॅबच्या माणसांशी कॉल, आणि त्या कॉलवर डिनायलची टक्केवारी दाखवण्याआधी तीन रिक्विझिशन उघडून दाखवायची. ओहायोतल्या बिलिंग मॅनेजरने स्वतःच्या लॅबचं रिक्विझिशन पहिल्यांदा नीट पाहिलं ते अशाच एका कॉलवर. बावीस खण, त्यात वरती जाड अक्षरात "सर्व". त्यांनी विचारलं, हा खण काढला तर डॉक्टर नाराज होतील का. मी म्हटलं, प्रत्येक औषधाचा खण ठेवा, त्यापुढे "कारण" ही एक ओळ द्या, आणि एका क्लिनिकवर महिनाभर करून पाहा.

नवीन रिक्विझिशन त्या क्लिनिकला गेल्या सोमवारी गेलं. पहिले नमुने शुक्रवारी आले. काल रात्री मी त्यातले अकरा उघडले. नऊवर कारण लिहिलं होतं. दोनांवर ओळ रिकामी होती, त्या डॉक्टरला क्वेरी गेली आहे, आणि ते दोन क्लेम अजून थांबवून ठेवले आहेत.